दारं लावण्याची सवय

क्षेपणास्त्र विनाशिका ‘हानाकाझे’ काही केल्या बुडत नव्हती, आणि जुन्या खलाशी इवाबुचिला पाहुण्यांची भरलेली ताटं बघवत नव्हती.

निवृत्त झालेल्या या बोटीला नेमबाजीचं लक्ष्य करून जपानच्या माईझुरू बंदरातून खोल समुद्रात ओढत आणलं होतं. दुसऱ्या जहाजाच्या डेकवर बडे पाहुणे नौदलात दर शुक्रवारी असते ती करी ओरपत तिचं मरण बघत बसले होते. पहिलं क्षेपणास्त्र लागलं तेव्हा टाळ्या पडल्या. दुसरं लागलं. ती कलली, धुमसली, पण तरंगत राहिली. कुणीतरी आणखी भात मागितला.

उभी हयात इवाबुचिनं तिच्यावर काढली होती. आराखडेवाल्यांनी हेलिकॉप्टर उतरायला जागा दिली, पण ठेवायला खोली दिली नाही, म्हणून खलाशी त्यांना शिव्या घालत. पोट मात्र असं खणाखणांचं केलं होतं, की एक खण फुटला तरी बाकीचे कोरडे. म्हणूनच आज आतली सगळी दारं सताड उघडी टाकायचा हुकूम होता. ते काम त्याच्या हाताखालच्या तोकुमारुकडे होतं.

कमांडर शिबायामानं इवाबुचिला खाली बोलावलं. दारं तोकुमारुनं उघडलीच नाहीत असं वर सांग, म्हणाला, पाहुण्यांना कुणाचं तरी नाव द्यावं लागेल. तोकुमारुची बढती तोंडावर आली होती.

तोकुमारुनं दारं उघडली होती. नंतर बोट सोडण्याआधी इवाबुचि एकटाच शेवटचं इंजिनखोलीत डोकावून आला, आणि येताना एकेक दार ओढून खिट्ट्या फिरवत आला. मागं दार उघडं टाकणारा खलाशीच नव्हे, हे त्याच्या डोक्यात कानफटात मारून भरवलेलं. हातांनी आपलं काम केलं, त्याला तेव्हा पत्ताही नव्हता; आत्ता लक्षात आलं.

“दारं मी लावली,” तो म्हणाला.

“मुद्दाम?”

“नाही. तुमच्याच नौदलानं शिकवलंय.”

“निवृत्तीच्या तोंडावर कशाला काळं फासून घेतोस?”

“फासा. त्याला सोडा.”

मग त्याला वर नेऊन पाहुण्यांपुढं कमरेत वाकायला लावलं. ओठाला रस्सा लागलेला एकजण म्हणाला, साधी बोटसुद्धा बुडवता येत नाही होय तुम्हाला. बाकीचे खिदळले. इवाबुचि वाकलेलाच राहिला. तेवढ्यात तिसरं क्षेपणास्त्र लागलं, हानाकाझे बुडू लागली, आणि सगळे कठड्याकडं धावले.

तोकुमारु जवळ येऊन पुटपुटला, “इवाबुचिसान, तुम्ही कशाला...”

“गप. ती चाललीय. सलाम कर.”

दोघांनी हात कपाळाला लावले. शेजारी लोक फोन उंचावून एकमेकांना ढकलत होते.