मैत्रेयीचा बस्ता

बस्ता बांधायला गेलं की नवरीनं तोंड उघडायचं नसतं. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर मान खाली घालून बसायचं, सासूनं खांद्यावर साडी टाकली की "चांगली हाय" म्हणायचं आणि दुकानदाराचा चहा न सांडता प्यायचा. लग्नाच्या कापडाची एवढी मोठी खरेदी, पण नवरीला काम एवढंच. माझ्या भाचीला तेवढंही जमणार नाही असं मला वाटत होतं, म्हणून चिटगुप्प्याला जाताना बसमध्ये मी तिला तेच तेच बजावत होते. ती खिडकीबाहेर बघत होती. मी अंगणवाडीत पोरं सांभाळते. ऐकून न ऐकल्यासारखं करणारं माणूस मला लांबून कळतं.

मैत्रेयी म्हणजे दुबलगुंडीचा माझा धाकटा भाऊ बळीराम याची एकुलती एक लेक. आई वारलेली. दहावी झाल्यावर ती गावातल्या पोरींबरोबर बंगळूरला गारमेंटमध्ये शिलाईकामाला गेली आणि काही वर्षांनी परत आली ती अर्धी होऊन. तिच्याच खोलीत राहणारी मंगल नावाची पोर तापानं फणफणली होती. माल वेळेवर परदेशी जायचा होता, सुपरवायझरनं रजा दिली नाही. मंगल मशीनवरच कोसळली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हापासून मैत्रेयीनं रेडिमेड कपडा अंगाला लावला नाही. कुठलंही कापड हातात घेतलं की ते उलटून बघायचं आणि विचारायचं, हे कुणी केलं, त्याला काय मिळालं. आधी आम्ही हसलो. मग मला रागच यायला लागला. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, असली तऱ्हा. पण ती वर्षाला एकच कपडा घ्यायची, हातमागाचा, आणि तो विरेपर्यंत वापरायची. वर मलाच ऐकवायची, "आत्या, तुज्या तीन सवंग साड्या विटल्या, माजी एक हाय तशीच हाय. म्हाग कुणाची पडली?" ते खरंच असायचं, म्हणून राग जास्त.

हे सगळं घरात ठीक होतं. पण बंगळूरला राहून आलेली पोर म्हटलं की लोकांच्या जिभेला हाड राहत नाही. दोन स्थळं त्यावरूनच फिरली. मग मुडबीचा रत्नपाल आला. साखर कारखान्यात कामाला, बोलायला कमी. त्यानं मंगलची सगळी गोष्ट मधे न बोलता ऐकून घेतली. त्या दिवशी मैत्रेयी बापाला म्हणाली, "करीन तर ह्यालाच." तिनं कुणासाठी हट्ट धरलेला मी पहिल्यांदा बघत होते. आता हेही मोडलं, आणि तेही भर दुकानात बस्ता बांधताना मोडलं, तर संध्याकाळच्या आत चार गावांत बोभाटा झाला असता. मग बळीरामनं कुणाला तोंड दाखवलं असतं?

मी, मैत्रेयी आणि बळीराम पोचलो तेव्हा शिवय्यांच्या दुकानात रत्नपाल आणि त्याची आई इंदिराबाई आधीच येऊन बसले होते. इंदिराबाईंची साडी कडक इस्त्रीची, पदराला पिन, कुठं सुरकुती नाही. खुरपायला जातानासुद्धा ही बाई चुरगळलेलं नेसत नाही, असं मुडबीची माणसं सांगायची. मी जय भीम केला, त्यांनीही केला, आणि शिवय्यांनी चहा सांगितला. तिथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

नवरदेवाचा पोशाख मुलीकडचा, नवरीची साडी मुलाकडची, अशी आमच्यात रीत आहे. इंदिराबाईंनी लेकासाठी एक चकचकीत रेडिमेड सूट हेरून ठेवला होता. बळीरामनं मान हलवली. मैत्रेयीनं बाही उलटी केली, आतली शिवण अंगठ्यानं चाचपली आणि सूट हळूच खाली ठेवला. मी तिच्या मांडीला चिमटा काढला.

"काय झालं?" इंदिराबाईंनी विचारलं.

"मामी, कापड घेऊन बंडेप्पा टेलरकडं शिवू की. निम्म्यात हुईल. त्येच्या हाताला काम बी मिळंल."

"माजा ल्योक टेलरकडचं घालून उबा ऱ्हाणार? आन् लोक रेडिमेड घालायल्यात ते येडे हाईत का?"

रत्नपाल खाली बघत म्हणाला, "आई, मला सदरा-पायजमाच बरा. सुटात उकडतंय." इंदिराबाईंनी लेकाकडं बघितलं आणि सूट बाजूला सरकवला. पण त्यांचा चेहरा असा झाला की मी चहाची कपबशी खाली ठेवली. पहिला घास त्यांनी गिळला होता, दुसरा गिळणार नव्हत्या, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग साड्या निघाल्या. आमच्यात नवरी पांढऱ्यात असते, म्हणून शिवय्यांनी पांढऱ्यांचीच थप्पी लावली. सगळ्या नायलॉनच्या, चंदेरी जरीच्या, बघून डोळे दिपावेत अशा. इंदिराबाईंनी त्यातली सगळ्यात झगमगीत मैत्रेयीच्या खांद्यावर टाकली. "बग."

मी मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, बोल, "चांगली हाय" म्हण.

मैत्रेयीनं ती साडी उतरवून घडी केली, शेजारच्या पिशवीत हात घातला आणि एक जुनं पांढरं पातळ बाहेर काढलं. माझ्या भावजयीच्या लग्नातलं. हे तिनं पिशवीत घातल्याचं ना मला माहीत, ना तिच्या बापाला.

"मामी, ह्ये माज्या आईचं हाय. एक दिस नेसली आन् पेटीत ठिवलं. चांगलं सूत हाय. मी ह्येच नेसते. नवं कशाला घ्यायचं? एका दिसासाठी पैसा कामून घालवायचा?"

तिला वाटलं, सासूला पोरीचा समंजसपणा दिसेल, मायेचं वाटेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. इंदिराबाईंचा हात मात्र चटका बसल्यासारखा मागं गेला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माज्या लग्नात मला पाटलिणीचं जुनं लुगडं नेसवलं हुतं," त्या म्हणाल्या. "नवं घ्याय बापाकडं काय बी नव्हतं. वरातीत पाटलाच्या गड्यानं ते वळकलं. ह्ये तर आमच्या मालकिणीचं, म्हणला, आन् हसला. समदे हसले. त्या दिसापासून दुसऱ्याच्या अंगावरचं चिंदूक बी मी दारात येऊ दिलं न्हाई. आमच्या सासऱ्यानं गावकीत आमच्या वाट्याला येणारं मढ्यावरचं कापड घ्यायचं सोडलं म्हणून गावानं त्येंचं पाणी तोडलं हुतं. आन् माज्या लेकाची नवरी उतरलेलं नेसून उबी ऱ्हाणार?"

"आवो, तिच्या आईचं हाय ते," बळीराम कसाबसा बोलला.

"मेलेल्या बाईचं हाय." त्या उठल्या. "आमी काय भिकाऱ्याची सून करायलाव का, दादा? चल, रत्नपाल."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी कापडं बघायची सोडून आमच्याकडं बघायला सुरुवात केली. रत्नपाल अर्धवट उठला आणि तसाच वाकून राहिला, ना उभा ना बसलेला. बळीरामचा चेहरा पांढराफटक. मला मैत्रेयीचा असा राग आला की दोन ठेवून द्याव्यात, आणि त्याच वेळी तिची इतकी दया आली की पोटाशी धरावं. ती चुकली म्हणावं तर तिचं काय चुकलं होतं? इंदिराबाईंचं तरी काय चुकलं होतं? मी नुसतीच "बसा हो इहीणबाई, बसा" म्हणत राहिले. माझं कोण ऐकतंय. त्या उंबऱ्याशी जाऊन पायानं चपला चाचपायला लागल्या.

मैत्रेयीनं आईचं पातळ पिशवीत परत ठेवलं. मग ती शिवय्यांना म्हणाली, "अण्णा, ते वरच्या फळीवरचं काढा. हातमागाचं."

वरच्या फळीवर विणकर सोसायटीची पातळं होती. ती म्हाताऱ्याच घेतात, म्हणून शिवय्या ती वर टाकून देतात. त्यांनी काठीनं गठ्ठा ओढला, धूळ झटकली. त्यातलं एक पांढरं, जाडसर, निळ्या काठाचं पातळ मैत्रेयीनं घेतलं आणि थेट उंबऱ्यापर्यंत गेली. दोन्ही हातांवर ते पातळ धरून ती सासूसमोर उभी राहिली.

"मामी, ह्येची घडी मोडा."

आमच्याकडं नवं पातळ घेतलं की ते आधी जीवाभावाच्या बाईला नेसायला देतात. तिनं नेसून घडी मोडायची, मग आपण नेसायचं. बहिणीला देतात, लाडक्या जावेला देतात. पण लग्नाचं पातळ कुणी देत नाही. ते नवरीच्याच अंगाला पहिल्यांदा लागतं.

इंदिराबाईंना वाटलं असावं, पोरीला कळलं नाही. "लग्नाचं हाय ते," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मी नेसले की मंग तुज्या अंगावर माजं नेसलेलं यील."

"तेच पायजे मला," मैत्रेयी म्हणाली. "नवं घेते, तुमी म्हणता तसं. पर तुमचं नेसलेलं नेसूनच तुमच्या घरात येते."

इंदिराबाई त्या पातळाकडं बघत होत्या. मला वाटलं, आता हे तिच्या तोंडावर फेकतात आणि रस्त्याला लागतात. त्यांनी एक चप्पल पायात घातली होती. ती त्यांनी काढली.

"अण्णा, आत जागा हाय का?"

शिवय्यांनी गठ्ठे ठेवायची आतली खोली दाखवली. मी इंदिराबाईंच्या मागं गेले, कारण नवं कडक पातळ एकटीला आवरत नाही. मी खाली बसून निऱ्या धरल्या. त्या वरून खोचत होत्या, आणि खोचता खोचता थांबल्या.

"मला आजवर कुनी घडी मोडाय दिली न्हाई," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही अवघड झालं असतं. मला रडू आलं होतं, आणि मी अशी सहजासहजी रडणारी बाई नाही.

बाहेर आल्यावर त्या आरशापुढं उभ्या राहिल्या. पदर पुढं घेतला, मागं टाकला, पिन न लावता तसाच सोडला. बळीरामनं पैसे द्यायला खिशात हात घातला तर त्याच्यावर खेकसल्या, "नवरीचं पातळ आमच्याकडचं असतंय, दादा. रीत मोडू नगा." सदऱ्याचं कापड फाडून घेतलं, बाकीचा बस्ता झाला, दुसरा चहासुद्धा झाला. त्यांनी ते पातळ काही उतरवलं नाही. आपली इस्त्रीची साडी घडी करून पिशवीत भरली आणि तशाच स्टँडवर आल्या.

मुडबीकडची बस लागली, त्या चढून खिडकीपाशी बसल्या. बळीराम माझ्या कानाशी कुजबुजला, "अक्का, नवरीचं पातळ चाललं की." मी म्हटलं, जाऊ दे, सोयरीक तर राहिली.

बसनं धक्का घेतला तशी इंदिराबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"पोरी, धुऊन आनू का ह्ये?"

मैत्रेयी बसबरोबर चालत होती. "नगा, मामी. तसंच आना."