क्लोजवर कोण उभं राहणार

दादाने नवा कॅमेरा घ्यायचं काढलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस स्वतःचे फाटके बूट चिकटवून वापरतो. तो अचानक रोज जेवताना मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ लावून बसायला लागला, आणि मी मागून गेले की मोबाइल उलटा ठेवायला लागला.

आम्ही दोघं भावंडं कार्यक्रमांचं शूटिंग करतो. गाणी, भाषणं, बक्षीस समारंभ. कॅमेरे दोन. एक हॉलच्या मागे, अख्खं स्टेज दाखवणारा, तो वाइड. दुसरा स्टेजपाशी, चेहरे टिपणारा, तो क्लोज. वाइडवर खांब उभा केला तरी चालतं. एकदा फोकस लावला की कार्यक्रम संपेपर्यंत बघायला नको. त्या वाइडवर मी. क्लोजवर दादा, कारण तो मोठा. दुसरं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. घरी आल्यावर एडिटिंगही मीच करते.

त्याने निवडलेल्या कॅमेऱ्याची माहिती मी गुपचूप काढली. चेहरा पकडतो, माणूस हलला की आपला आपण फोकस हलवतो. आणि खाली बारीक अक्षरात, एकच माणूस टॅबवर बसून दोन-तीन कॅमेरे चालवू शकतो. एकच माणूस. म्हणजे माझा पत्ता कट, आणि तोही सख्ख्या भावाच्या हातून.

वहिनीला विचारलं, "दादाचं काय चाललंय गं?"

"येऊ दे की एकदाचा नवा," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. वर बघितलं नाही. झालं, हीसुद्धा सामील.

दादाचं म्हणणं, जुन्याने दगा दिला. "क्लोज सगळा पुसट येतोय. लोक बोलायला लागलेत." ते खोटं नव्हतं. एका गायिकेने तर तोंडावर सुनावलं होतं की माझ्यापेक्षा माझ्यामागचा पडदाच सुरेख आलाय. म्हणून मी ते फुटेज पुन्हा काढलं. मध्यंतरानंतर आयोजकांनी दादाला बाहेर बोलावलं होतं, तेव्हा एक गाणं मी क्लोज सांभाळला होता. त्या गाण्यात बाईंच्या पापण्यांचे केस मोजून घ्यावेत. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तेच दिवे. गाणं संपलं, दादा परत आला, आणि पडदा पुन्हा झकास.

मला याचा एकच अर्थ लागला. हा मुद्दाम बिघडवतोय. जुन्याला बदनाम करायचं, नवा आणायचा आणि मला घरी बसवायचं. घरात बोलले असते तर त्याने गोड बोलून गुंडाळलं असतं. म्हणून ठरवलं, दुकानात परक्या माणसासमोर उघडा पाडायचा.

दुकानदाराने कॅमेरा स्टँडवर चढवला, मोठ्या टीव्हीला जोडला आणि स्वतःच समोर जाऊन उभा राहिला. "बघा सर, मी इकडे गेलो, तिकडे गेलो. हा मला सोडतच नाही."

"बायकोसारखा," दादा म्हणाला. दोघं हसले.

"हाताने फोकस करता येतो का?" मी विचारलं.

"येतो की मॅडम. पण कशाला कष्ट घेता?"

"सवय आहे कष्टांची."

मी बटण दाबून फोकस हातावर घेतला आणि लेन्सची रिंग फिरवली. दुकानदाराचा चेहरा विरघळला, त्याच्यामागच्या जाहिरातीतली अक्षरं लख्ख झाली. आता दादा म्हणणार, फोकस गेला, नीट कर. मग मी विचारणार, इथे दिसतं, मग कार्यक्रमात का नाही दिसत रे तुला? वाक्य जिभेवर तयार होतं.

"आता कसंय, दादा?"

तो टीव्हीसमोर गेला. मान जराशी तिरकी केली. "याला म्हणतात कॅमेरा. चेहरा बघ कसा कोरून काढलाय."

दुकानदाराने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रिंग आणखी फिरवली. आता टीव्हीवर नुसता एक गव्हाळ डाग होता.

"आणि आता?"

"तसंच आहे. सोड ना ती रिंग, ठमे."

वाक्य मी गिळलं. "विचार करून येतो," म्हणाले आणि दादाच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. फुटपाथवर आल्यावर विचारलं, "कधीपासून दिसत नाही तुला?"

"काय दिसत नाही?"

"दादा."

तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला. "मोतीबिंदू म्हणाला डॉक्टर. दोन्हीकडे. सीझन संपला की करू."

"वहिनीला माहितीय?"

"तिनेच नेलं होतं."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"क्लोज मागितला असता."

"मग," तो म्हणाला. "तुझा डोळा कधीपासून आहे त्याच्यावर, ते मला आंधळ्यालाही दिसतं."

ते खरं होतं. म्हणून मी उलट त्यालाच धरलं. "आणि तू टॅबवर बसून मला कटवणार होतास."

"कुठला टॅब?"

"माहितीत लिहिलंय, एकच माणूस सगळं चालवू शकतो."

"ती बारीक अक्षरं मला वाचता येतात का, बये? मी नुसतं ऐकतो ते व्हिडिओ."

हसू आलं, पण मी हसले नाही. इतक्या लोकांचे समारंभ याने पडद्यावर घालवले, शिव्या कॅमेऱ्याला घातल्या आणि जागा सोडली नाही. गाडीची किल्ली मी त्याच्या हातातून काढून घेतली.

"ऑपरेशन होईपर्यंत वाइडवर तू. फोकस मी लावून देईन. नवा काही नको."

"आणि ऑपरेशन झाल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा."

त्याचा विश्वास बसला नाही. माझा तरी कुठे होता?

पुढचा कार्यक्रम भाषणांचा होता. क्लोजवर मी. माझ्या कॅमेऱ्याचं चित्र दादाशेजारच्या छोट्या स्क्रीनवर जात होतं, आणि हेडफोनवर आमचं बोलणं चालू असतं. एक म्हातारे वक्ते बोलायला उभे राहिले, तशी मी त्यांच्या चष्म्याच्या काडीवर फोकस लावला. पक्का लागला होता.

"तुझा फोकस गेलाय," कानात दादा म्हणाला.

त्याला दिसत नाही हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. तरी माझा हात रिंगवर गेला आणि मी ती हलवून बघितली. पुढची दोन वाक्यं म्हाताऱ्यांचा चेहरा पुसट गेला.

"हां, आता बरा आहे," दादा म्हणाला.