बेबीताईची बारी

मी एक जुना पितळी दिवा आहे, मित्रांनो, पण देवघरातला नाही. माझा आकार पेल्याचा आणि जन्म हथखोजमधल्या कारखान्यातल्या एका लेथ मशीनवरचा. पंजाबराव तेव्हा स्टील प्लांटमध्ये फिटर होते. एकदा ते शिलाँगला गेले आणि तिथल्या युनिटेरियन पंथाच्या लोकांची प्रार्थना पाहून आले. देव एक आणि माणसं सारखी, हे त्यांच्या मनात असं बसलं की परत आल्या आल्या त्यांनी मला घडवून घेतलं. तेव्हापासून हुडको कॉलनीतल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत दर रविवारी माणसं जमतात. आधी मला लावायचं, मग प्रार्थना.

पहिल्या रविवारी सगळ्यांत आधी आल्या त्या बेबीताई. मग हळूहळू दहा-बारा घरं झाली आणि प्रश्न आला, मला लावायचं कोणी? पंजाबरावांनी डोकं लढवलं. आडनावावरून जात कळते, म्हणून त्यांनी आडनावं काढून टाकली आणि क्वार्टर नंबराप्रमाणे यादी लावली. केवढं कौतुक झालं त्यांचं! मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

बेबीताईंचे यजमान सुखराम ठेक्यावर गटारं साफ करायचे. ठेक्याच्या माणसाला क्वार्टर कुठला? घर हथखोजच्या मागच्या वस्तीत, घराला नंबर नाही, म्हणून यादीत नाव नाही. अकरा वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

दर शनिवारी मात्र मला चिंच आणि राख लावून घासत त्या बेबीताईच. त्यांना कोणी घासा म्हटलं नव्हतं, कोणी नको म्हटलंही नव्हतं. घासून झालं की त्या नवी वात वळत आणि मला थोडा वेळ मांडीवर घेऊन बसत. माझ्या मनाची खरी ओढ त्या शनिवारांकडेच होती.

एका रविवारी यादीत जिची पाळी होती ती मोनाली काडी ओढणार, तेवढ्यात बेबीताई उभ्या राहिल्या.

"दादा, माही बारी कधी येते?"

पंजाबरावांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"चूक झाली, बेबीताई. आज तुमीच लावा. मोनाली, माचिस दे त्यायले."

"आज मोनालीची बारी आहे. मले दुसऱ्याची नाही पायजे, माही पायजे. घासाले माहे हात चालते, मंग लावाले कावून नाही?"

एवढं बोलून त्या चपला घालून निघून गेल्या. पुढच्या शनिवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पंजाबरावांच्या सूनबाई ममता यांनी मला साबण लावून पाहिला, पण डाग जागचे हलले नाहीत. काळा पडल्याचं मला दुःख नव्हतं हो, मला ती मांडी हवी होती.

मग पंजाबरावांनी नवी यादी केली. जो ज्या क्रमाने पहिल्यांदा दारात आला, त्या क्रमाने नाव. सगळ्यात वर बेबीताई. त्यांची बारी झाल्याशिवाय दिवा कोणी लावायचा नाही, असंही ठरलं. यादी घेऊन पंजाबराव स्वतः त्यांच्या घरी गेले. बेबीताईंनी चहा पाजला आणि "पाहू" एवढंच म्हणाल्या. तीन रविवार प्रार्थना मला न लावताच झाली, आणि प्रत्येक वेळी मी दाराकडेच पाहत होतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी यादी असेल, मोठ्या चांगल्या मनाने केलेली. तिच्यात कोण आहे हे पाहून खूश होऊ नका. आपली भांडी घासणाऱ्याचं, सतरंजी झटकणाऱ्याचं नाव तिच्यात आहे का, ते आधी शोधा.

काल बेबीताईंचा निरोप आला. "घासून ठेवा म्हना दिवा. लावाले येतो मी."

आज शनिवार. पंजाबराव अंगणात चिंच भिजवून, बाह्या वर करून मला घासत बसले आहेत. त्यांना काही जमत नाही, काठाला राख तशीच राहते. राहू दे. उद्या रविवार आहे.