अवसेला धुतलेली वात

मी कंदील. मुलुंडच्या एका बैठ्या चाळीत, मृणालिनीबाईंच्या दारामागच्या खिळ्याला लटकून बोलतोय. सवड असेल तर जरा थांबा.

माझा जन्म कारखान्यातला, पत्र्याचा. वाऱ्यात न विझणं एवढाच माझा गुण. चाळीत वीज आली तसे एकेकानं आपापले कंदील भंगारवाल्याला देऊन टाकले. मृणालिनीबाईंनी मला ठेवलं. मॅट्रिक झालेली बाई, कडेवर तान्ही वसुधा, आणि डोक्यात कायम 'पण समजा'. समजा तार तुटली, समजा नाला चढला.

चाळ आणि स्टेशन यांच्यामध्ये तो नाला. त्यावर एक फळी. पावसात वीज गेली की बाई मला पेटवून नाल्यापाशी शेवग्याला टांगायच्या. ऑफिसातून येणारे त्यांचे मधुकरराव माझ्याकडे बघत फळीवर पाय टाकायचे. शेजारच्या कुंदावहिनी हसायच्या, "मृणाल, एकदा नारळ फोड तुझ्या कंदिलापुढे."

"मी जरा वेडीच आहे हो," बाई म्हणायच्या. पण काडेपेटी डब्यात कोरडी ठेवायला विसरायच्या नाहीत.

गेल्या आषाढात दिव्याची अवस आली. घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायचे आणि त्यांची पूजा करायची. समईशेजारी मलाही जागा मिळाली. देवापुढे घासलेटाचा वास नको म्हणून बाईंनी माझी टाकी रिती केली, आतून विसळली, वातसुद्धा साबणानं धुऊन, पिळून परत घातली. काच अशी लखलखली की मीच मला ओळखू येईना. हळदकुंकू लागलं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि इतका निकामीही मी कधी नव्हतो.

दिवेलागणीला वादळ सुटलं नि वीज गेली. बाईंनी घाईनं घासलेट भरलं, काडी ओढली. वात तडतडली, विझली. पुन्हा तेच. समई बाहेर न्यायला गेल्या तर ती उंबऱ्यावरच विझली. शेजारचे सहदेवमामा, मूळचे मालवणकडचे, वात चिमटीत धरून म्हणाले, "वली आसा गो, पेटाची नाय."

"अहो मामा, आता हे येतील," बाई म्हणाल्या. मामा तसेच हाका मारत नाल्याकडे धावले. पण त्या पावसात हाक कुठून येतेय ते मधुकररावांना कळलं नाही. त्यांनी पाय टाकला तो फळीच्या बाजूला.

मामांनी ओढून काढलं. जीव वाचला, गुडघा मात्र कायमचा गेला.

"अगं, वाट माझ्या रोजच्या पायाखालची. तुझं काय चुकलं?" मधुकरराव समजावतात. बाई मान डोलावतात. त्यांना पटत नाही. मलाही नाही.

यंदाच्या अवसेला बाईंनी मला खिळ्यावरून काढलं, थोडा वेळ हातात धरलं, टाकी हलवून पाहिली आणि काजळीसकट परत टांगलं. पाटावर सगळे दिवे होते, मी नव्हतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला उन्हाळ्यात धुवा, खडखडीत वाळवा. पावसात त्याला काळाच राहू द्या. एखादी पूजा चुकली तर देव समजून घेईल.

आता थांबतो. घरातला बल्ब चांगला जळतोय, तरी बाई मला उचलून निघाल्यात. नाल्यापलीकडून काठीचा आवाज येतोय.