नळ नसलेली खोली

खोलीत दोन खुर्च्या, खाली चटई आणि चटईवर सात खेळणी. एका भिंतीला मागून आरपार दिसणारा आरसा. आरशामागच्या अंधारात कॅमेरा आणि घड्याळ घेऊन बसलेल्या बाई. अशीच खोली कितीतरी देशांत मांडली गेली होती. वर्षभराच्या मुलाजवळून आई उठून जाते, परत येते, मधल्या वेळात एक अनोळखी बाई येऊन बसते. मूल रडलं का, हे तर लिहितातच. पण खरं लक्ष असतं ते आई परत आल्यावर मूल काय करतं याकडे. काही देशांत मुलं इतका आकांत करायची की वेळ संपण्याआधीच आईला आत पाठवावं लागे, तर काही ठिकाणी ती खेळण्यातून मान वर करत नसत. हा फरक मुलांचा की घरांचा, या एका प्रश्नावर विभागप्रमुख बाईंची बावीस वर्षं गेली होती.

बाईंचा काटेकोरपणा सगळ्यांना पाठ होता. प्रत्येक टप्प्याची तीन मिनिटं म्हणजे एकशे ऐंशी सेकंद, त्यांत एकाचीही सूट नाही. अनोळखी बाईचं काम निवृत्त ग्रंथपाल करत. सगळा विभाग त्यांना 'परकी' म्हणे, आणि फोन उचलल्यावर त्या स्वतःही "परकी बोलतेय" म्हणत.

त्या आठवड्यात तेरा महिन्यांचा एक गुटगुटीत मुलगा आला. घरात त्याला ठोंब्या म्हणत. आई रुग्णालयाच्या धुलाई विभागात पाळीने काम करायची, दिवसभर त्याला थोरली जाऊ सांभाळायची. आई बाहेर गेली तेव्हा ठोंब्या थोडा कुरकुरला. ती परत आली तेव्हा त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि तुरुतुरु रांगत परकीपाशी गेला. नियमाप्रमाणे परकी मुकाट्याने उठून बाहेर गेली. तक्त्यावर शब्द पडला : टाळतो.

तक्ता कुणाला दाखवायचा नसतो. पण त्या दिवशी तो टेबलावर उघडा राहिला, आणि पिशवी उचलताना आईने तो शब्द वाचला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. पर्समध्ये राजीनामा लिहून ठेवला होता. पहिल्या तारखेपासून घरीच बसणार, असं तिने सांगितलं. तो सात महिन्यांचा असतानाच कामावर परत गेले तिथेच चुकलं, जाऊबाईंचं काही चुकलं नाही, त्या जीव लावतात, हेही सांगितलं. मग तिने विचारायचं ते विचारलं.

"बाई, त्याला मी परकी झाले का?"

बाईंनी तिची समजूत घातली नाही. तक्ता उघडा राहिला ही आपली चूक, एवढं कबूल केलं आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. आठ दिवस द्या. तोवर तो कागद तुमच्या साहेबांना देऊ नका."

आई परत आल्यानंतरचं चित्रण बाईंनी अकरा वेळा पाहिलं. मग परकीला बोलावलं. परकीने एक गोष्ट सांगितली, जी आरशामागून दिसणं शक्य नव्हतं, कारण मूल तिच्या आड होतं. मुलाने दोन्ही हात तिच्याकडे वर केले होते, पण मान वळवून तो बघत होता आईकडे. "मला वाटलं, उचल म्हणतोय. पण उचलून घ्यायचं असेल तर मूल आपल्याकडे बघतं की नाही?"

खोलीत बोलावण्याआधी केलेल्या घरभेटींच्या नोंदी बाईंनी काढल्या. दोन भेटी, दोन्ही सकाळी दहा ते बारा, आईच्या सुटीच्या दिवशी. ही वेळ सर्वांच्या सोयीची म्हणून बाईंनीच ठरवली होती. त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं : आपण घर पाहिलं, आईचं घरी येणं पाहिलं नाही. चूक माझी.

तीन दिवसांनी संध्याकाळी पावणेसहाला त्या जाऊच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. जाऊ मटार सोलत होती, ठोंब्या सालं उडवत होता. दारात किल्ली फिरली. बाईंनी घड्याळ सुरू केलं.

ठोंब्याने आईकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि रांगत जाऊपाशी जाऊन दोन्ही हात वर केले. मान मात्र आईकडे. आई त्याला न शिवता सरळ न्हाणीघरात गेली आणि नळ वाहू लागला.

"रोजचंच आहे हे," जाऊ त्याला उचलत म्हणाली. रोग्यांचे कपडे हाताळून आलेली, अंग धुतल्याशिवाय धाकटी पोराला हात लावत नाही. आधी हा झेपावायचा, तेव्हा ती दारातूनच ओरडायची, लांब हो म्हणून. पुढे हा आपणहून काकूकडे वळू लागला. काकूने उचलायचं, आई आली की तिच्या हातात द्यायचं. "मी दिल्याशिवाय हे साहेब तिच्याकडे जात नाहीत. पावती तेवढी मागायचे बाकी आहेत."

तिच्या कडेवरून ठोंब्याची नजर न्हाणीघराच्या दारावर खिळलेली होती. समोर सालं नाचवली, तरी ती हलली नाही. नळ बंद झाला तसे त्याचे पाय हलू लागले. आई ओल्या केसांनी बाहेर आली, जाऊने त्याला तिच्या हातात दिलं आणि त्याने आईच्या मानेत तोंड खुपसलं.

बाईंनी घड्याळ थांबवलं. चार मिनिटं दहा सेकंद.

"तो तुम्हाला टाळत नाही," त्या आईला म्हणाल्या. "तुम्ही शिकवलंत तसा थांबतो. या वयात चार मिनिटं कुणासाठी थांबणं सोपं नसतं."

आईने ठोंब्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "पण तिथे तर मी घरून अंघोळ करूनच आले होते."

"त्याला काय कळणार?" जाऊ म्हणाली. "बाईंच्या खोलीत नळ कुठे होता?"

बाई हसल्या. मग जाऊचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

तक्त्यावरचा शब्द त्यांनी खोडला नाही. दिलेला शेरा बदलायचा नाही, हा नियम त्यांचाच होता. घरी पाहिलेलं लिहून तक्त्याला एक पान जोडलं. अभ्यासातल्या उरलेल्या एकतीस घरांतही आई बाहेरून परत येते त्या वेळी पुन्हा जायचं ठरलं. अभ्यास वर्षभर लांबला. वरिष्ठांचं तिखट पत्र आलं, त्याला बाईंनी दोन ओळींत उत्तर दिलं.

पहिल्या तारखेला आई कामावर गेली. राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर जाऊने तिच्या पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लिहिल्या आणि तो कागद दारामागे चिकटवला.