व्हॉल्व्हवरचा रस्ता

सकाळी साडेनऊला नारायण पेठेत पाण्याची मोठी लाइन फुटली आणि पाणी सरळ हुसेनभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानात शिरलं. दुकान रस्त्याच्या दोन पायऱ्या खाली. पूर्वी ते दोन पायऱ्या वर होतं. थरावर थर चढवून आम्हीच रस्ता उंच केला. आत एका ग्रंथालयाच्या जुन्या मासिकांचे साठ खंड शिवणीला आले होते. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मी महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता. व्हॉल्व्ह बंद केला की पाणी थांबतं, फक्त तो सापडायला हवा. खराडीच्या एका कंपनीनं आम्हाला शहरातल्या व्हॉल्व्हचा संगणकीय नकाशा करून दिला होता. ऑफिसातून फोन आला, "सर, व्हॉल्व्हचा निळा ठिपका दिसतोय. तुम्ही त्याच्यावरच उभे आहात." पायाखाली गुळगुळीत काँक्रीट. नकाशा अगदी अचूक होता, काय बोलणार!

टाकीवरूनच पाणी बंद करायची परवानगी वर मागितली आणि रिक्षा पाठवून कोंडीरामांना आणलं. तीस वर्षं ते लांब लोखंडी चावी घेऊन पेठेतले व्हॉल्व्ह फिरवायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची जागा भरली नाही, नकाशा आला होता ना.

त्यांनी कोपऱ्यापासून पावलं मोजली आणि माझ्याशेजारी येऊन थांबले.

"हितंच हाय. तवाच म्हणलो व्हतो साहेब, आदी झाकण वर घ्या."

म्हणाले होते, काँक्रीट ओतायच्या आधी. पण दुसऱ्या दिवशी रस्त्याचं उद्घाटन होतं, फ्लेक्स लागले होते, आणि झाकण वर घ्यायला एक दिवस लागणार होता. ठेकेदारानं काँक्रीट ओतलं. 'सर्व झाकणे रस्त्याच्या पातळीस घेतली आहेत' या ओळीखाली मी सही केली. मला माझीच लाज वाटली.

ब्रेकर यायला तास गेला, फोडायला आणखी एक. हुसेनभाई तोवर गुडघाभर पाण्यातून खंड वर आणत होते. कागदाचा लगदा होऊन पानं त्यांच्या बोटांना चिकटत होती. शेवटी व्हॉल्व्ह दिसला. कोंडीरामांनी चावी बसवली, ब्रेकरवाला धरून आम्ही तिघांनी जोर लावला आणि व्हॉल्व्हचा गंजलेला दांडा आतच तुटला. रस्ता झाल्यापासून त्याला कुणी हातच लावला नव्हता.

टाकीवरची परवानगी दुपारी दोनला आली. तोवर साठातले अकरा खंड वाचले होते.

हुसेनभाईंनी ते फुटपाथवर उभे करून ठेवले. आतून चहा आणायची सोय नव्हती, म्हणून समोरून मागवला आणि पहिला कप माझ्या हातात दिला.

"जाऊ द्या साहेब," ते म्हणाले, "यात तुम्ही तरी काय करणार होतात?"

रस्ता एक दिवस थांबवू शकलो असतो. मी चहा प्यायलो.