बिब्ब्याची फुली

तानुबाईने शेवटचा घोट कसाबसा घशाखाली लोटला आणि रिकामा तांब्या सुनेच्या हातात कोंबला. दोंडाईच्याहून निघाल्यापासून एसटीत, स्टँडवर, रिक्षातून उतरताना, बेबा सासूला पाणीच पाजत होती. धाकट्याच्या वेळी बेबाची इथेच, धुळ्याला, सोनोग्राफी झाली होती आणि तेव्हा पोट फुटेस्तोवर पाणी प्यावं लागलं होतं. तेवढ्या एका अनुभवावर ती आज शहाणी झाली होती. हॉलमधल्या बाकांवर बसलेल्या पोटुशा पोरीही घटाघटा पाणी पीत होत्या आणि नऊवारीतल्या, पन्नाशीला टेकलेल्या या बाईकडे चोरून बघत होत्या. तानुबाईने त्यातल्या एकीला सरळ विचारलं की बाई, माझ्या पोटात काय आहे ते तुला आधीच दिसलं का. पोरगी पाण्यासकट ठसकली.

नाव पुकारणाऱ्या बाईने चिठ्ठी वाचली आणि मान वर केली. तपासणी छातीची होती, पोटाची नव्हे. पाण्याचं इथे काही काम नव्हतं.

तानुबाईने सुनेकडे बघितलं. बेबाने तांब्या पदराआड केला.

"मनी सून मोठी डॉक्टरीन शे," तानुबाई त्या बाईला म्हणाली. "फक्त मशीन तेवढं नही तिनाजवळ."

मोरीकडे जाऊन येईस्तोवर दुसरीचा नंबर आत गेला आणि पुन्हा वाट बघणं आलं.

गाठ लागली होती न्हाताना. डाव्या बाजूला, साबणाच्या हाताखाली बोराएवढं काहीतरी सरकलं होतं. दोंडाईच्याच्या डॉक्टरला तिने चोळीवरूनच हात लावू दिला होता. त्याने चाचपलं, चिठ्ठी लिहिली, धुळ्याचा पत्ता दिला. चोळीच्या आत काय झालंय ते त्याने पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं.

तानुबाईचा बिब्बा चार गावांत नावाजलेला होता. पाय मुरगळला, कंबर धरली, टाचेत काटा मोडला की माणसं तिच्या ओट्यावर येत. ती दाभणाच्या टोकाला बिब्ब्याचं बी टोचून दिव्यावर धरायची, तेल सुटलं की दुखऱ्या जागी फुली मारायची. हे तेल मोठं जहाल. हात जरा चुकला तर कातडी भाजते, फोड येतात. बिब्बा उतला म्हणतात त्याला. तानुबाईच्या हातचा बिब्बा आजवर कोणाला उतला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात बेबाच्या आईने नातवाच्या घोट्याला बिब्बा लावला आणि तो उतला, तेव्हापासून 'तुझ्या माहेरच्या हाताला गुण नाही' हे बेबाला भाकरीबरोबर तोंडी लावायला मिळत होतं.

आणि मग गाठ लागल्यावर तानुबाईने दार लावून घेतलं, दिवा पेटवला आणि स्वतःच्या हाताने गाठीवर फुली मारली. हाताला सवय टाचेच्या कातडीची. ही कातडी लोण्यासारखी. दुसऱ्या दिवशी चोळी अंगाला चिकटली, तेव्हा तिला कळलं की बिब्बा उतला.

आतली खोली अंधारी होती. पडदे ओढलेले, कोपऱ्यात टीव्हीसारखं मशीन. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला सरळ. तिने आधी सगळं समजावून सांगितलं. चोळी काढून उताणं निजायचं, डावा हात डोक्याखाली घ्यायचा. थंड मलम लावून हा साबणाच्या वडीएवढा तुकडा वरून फिरवायचा, थोडं दाबलं जाईल, दुखणार नाही. सुई नाही, एक्स-रे नाही. आवाजाच्या लाटा आत जातात आणि त्यांचं चित्र पडद्यावर उमटतं.

"आवाज ते काही येत नही," तानुबाई म्हणाली.

"आपल्या कानाला नाही ऐकू येत, आजी."

"आजी नको म्हनू. अक्का म्हन."

सुनेला बाहेर पाठव, असं तिने दोनदा सुचवून पाहिलं. डॉक्टरीण म्हणाली, सोबत असलेली बरी. मग इलाज उरला नाही. तानुबाईने चोळी काढली, पलंगावर आडवी झाली आणि पंख्याकडे बघत राहिली.

डॉक्टरणीने दिवा लावला. गाठीच्या वरची कातडी लालभडक होती, सुजून जाड झालेली, मधे मधे खपली धरलेली.

हे कधीपासून, असं तिने विचारलं. तानुबाईने पंख्यावरची नजर हलवली नाही. तेव्हा डॉक्टरीण हलक्या आवाजात म्हणाली की गाठीवरची कातडी अशी झाली की आम्हाला वाईटातली वाईट शंका घ्यावी लागते. अशा बाईला मी इथे थांबवून ठेवत नाही, सरळ मुंबईला पाठवते.

बेबा पलंगाजवळ आली. तिला दिव्याची गरज नव्हती. हीच कातडी तिने आपल्या पोराच्या घोट्यावर पाहिली होती. तिने सासूच्या तोंडाकडे बघितलं. तानुबाईने डोळे मिटून घेतले.

"बिब्बा शे तो, मॅडम," बेबा म्हणाली. "मी लावा. मना हातथून उतना."

मग डॉक्टरणीने बेबाला जे धारेवर धरलं, ते बेबाने पदराचं टोक पिळत ऐकून घेतलं. शिकलेल्या दिसता, अंगावर आगीचं तेल लावताना हात कसा धजला, एवढं सगळं झालं. राग ओसरल्यावर तिने कामाचं विचारलं. बिब्बा लावायच्या आधी कातडी कशी होती? साफ होती, की तेव्हाही लाल होती?

बेबा गडबडली. तिने कुठे पाहिली होती? थोडी लाली आधीपासून होती म्हटलं, तर बिब्ब्याचा दोष तेवढा हलका होईल, असं तिला वाटलं असावं.

"लाल व्हती," ती म्हणाली. "पहिलेपासूनच व्हती जराशी."

डॉक्टरणीचा चेहरा पुन्हा उतरला. तिने टेबलावरचा कागद ओढला आणि मुंबईच्या हॉस्पिटलचं नाव लिहायला घेतलं.

पेनाचा आवाज तानुबाईला ऐकू आला. सुनेने तिची अब्रू झाकली होती आणि त्याच पांघरुणात गुंडाळून तिला मुंबईला धाडत होती. तानुबाई कोपरावर उठली.

"तिले काय इचारस? तिनी आज पहिल्यांदा देखं. बिब्बा मी लावा. मना मीच."

पेन थांबलं.

"कातडी साफ व्हती. गोरी नही म्हनत, पन साफ. गाठ नुसती हातले लागे. बिब्बा लावा आनि दुसरा दिन फोड उनात."

"नक्की, अक्का? यावर पुढचं सगळं ठरणार आहे."

"बठ्ठं गाव मना हातथून बिब्बा लावस. उतेल बिब्बा मी वळखाव नही?"

डॉक्टरणीने कागद बाजूला सारला. मलम खरंच थंड होतं. तो तुकडा फोड टाळून कडेकडेने फिरला, एका जागी थांबला, कलला, पुन्हा फिरला. पडद्यावरच्या राखाडी धुक्यात एक काळं गोल टिपूस उमटलं. डॉक्टरणीने पडदा तानुबाईकडे वळवला. आत नुसतं पाणी आहे, म्हणून काळं दिसतं. कडा गुळगुळीत आहेत. कातडी बरी झाली की परत यायचं, सुईने पाणी काढू, खात्रीसाठी तपासायलाही पाठवू. आता मुंबईचं काही काम नाही.

"मला याची भीती वाटत नाही," डॉक्टरीण म्हणाली.

"माले तरी कुठे वाटनी व्हती," तानुबाई म्हणाली. मलम लागल्यापासून बेबाच्या मनगटावर आवळलेली तिची मूठ मात्र अजून सुटली नव्हती. बांगड्या सुनेच्या कातडीत रुतल्या होत्या.

स्टँडवरच थांबलेला तानुबाईचा मुलगा पितांबर ताटकळत उभा होता. बेबाने नवऱ्याला एवढंच सांगितलं की पाण्याची गाठ आहे, मलम दिलंय. आणखी काही ती बोलते का, म्हणून तानुबाई कान देऊन होती. बेबाने केळी घेतली आणि खिडकीजवळची जागा सासूला धरून दिली. घरी आल्यावर जिथे नजर पोचत नव्हती तिथे मलम बेबाच लावू लागली. भाकरीबरोबर मिळायचं ते मिळणं बंद झालं.

आठवडा गेला असेल. सकाळची कामं उरकत असताना गल्लीतली सुंदरबाई ओट्यावर आली. तिला बिब्बा लावून हवा होता. कुठे, तर कंबरेला. बोलताना तिचा हात पदराखाली, बगलेशी गेला होता आणि तिथेच राहिला होता.

तानुबाईने तो हात नीट बघून घेतला.

"तुनी कंबर तठे कशी चढनी व?"

सुंदरबाईने मान खाली घातली. घरात कोणाला सांगितलं नाही, डॉक्टर म्हटलं की धनी ओरडतो, असं काहीबाही ती पुटपुटली.

"तूच लावी दे, अक्का," ती म्हणाली. "तुना हातना उतत नही."

आत चुलीशी भाकरी थापायचा आवाज थांबला.

तानुबाईने सुंदरबाईला घरात घेतलं, दाराला कडी लावली. खिडकीपाशी उभी राहून तिने खांद्यावरचा पदर खाली सोडला आणि चोळी सैल केली.

"आठे उजेडमा ये," ती म्हणाली. "आनि देख."